अडल्या हरीचे तेवीस दिवस

आमच्या सोसायटीतली पाण्याची मोटार बिघडली की ज्याला फोन जातो, तो माणूस खरं तर इलेक्ट्रिशियन नाही. चाकणच्या एका कारखान्यात तो सीएनसी मशीन चालवायचा; वायरिंगची कामं फक्त रविवारी. दिवाळी उलटली आणि ठेकेदाराने चाळीसेक जणांना एकदम 'ब्रेक' दिला. एमआयडीसीच्या आसपास राहणाऱ्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. सात महिने, अकरा महिने भरत आले की माणसाला थोडे दिवस घरी बसवायचं, म्हणजे त्याला कायम करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. या खेपेला मात्र परतीचं बोलावणं आलंच नाही. पगार १८ हजार. मोशीत भाड्याची खोली, दुचाकीचा हप्ता, बायकोच्या बचत गटाचा हप्ता, मुलीची शाळा.

तेविसाव्या दिवशी त्याने तळवड्याच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये साडेचौदा हजारांवर काम धरलं. बारा तासांची पाळी, पीएफचा पत्ता नाही. मी म्हटलं, "अरे, त्या दुसऱ्या कंपनीत तुझा इंटरव्ह्यू चांगला झाला होता ना? पंधरा दिवस थांबायचंस की." तो हसला. "काका, पाच तारखेला हप्ता जातो. नोकरी वीस तारखेला मिळाली तर मधले पंधरा दिवस जेवायला कुणाकडे जायचं?"

त्याच सुमारास माझ्या भाच्याची हिंजवडीतली नोकरी गेली. तो पाच महिने घरी होता. फ्लॅट बहिणीच्या नावावर, कर्ज फिटलेलं, मेव्हण्यांची पेन्शन चालू. त्याने दोन ऑफर नाकारल्या, एक कोर्स केला आणि सहाव्या महिन्यात आधीपेक्षा जास्त पगारावर रुजू झाला. घरात सगळ्यांनी त्याच्या चिकाटीचं कौतुक केलं, मीही केलं. आता वाटतं, त्या कौतुकातला निम्मा वाटा मेव्हण्यांच्या पेन्शनला द्यायला हवा होता.

बेकारभत्त्याचा विषय निघाला की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं: फुकट पैसे दिले तर लोक कामच करणार नाहीत. हे वाक्य बोलणारा माणूस बहुधा स्वतःच्या मुलाला 'घाई करू नकोस, मनासारखं मिळेपर्यंत थांब' असंही सांगत असतो. त्या दोन वाक्यांत त्याला विसंगती दिसत नाही, कारण मुलाला दिलेले पैसे भत्ता वाटत नाहीत, माया वाटतात. नोकरी शोधायला वेळ लागतो आणि त्या वेळाचा खर्च कुणीतरी उचलतंच. ज्याच्या घरात ऐपत आहे त्याचा खर्च घर उचलतं. ज्याच्या घरात नाही त्याचा अडला हरी होतो आणि समोर येईल त्या गाढवाचे पाय धरतो.

आपल्या सरकारी आकडेवारीतही हे दिसतं, फक्त ते उलट्या बाजूने वाचावं लागतं. २०२३-२४ च्या श्रमबल पाहणीत देशातला बेरोजगारीचा दर ३.२ टक्के आला. पदवीधरांमधला दर मात्र याच्या कितीतरी पट. शिक्षण वाढलं की बेकारी वाढते, असा निष्कर्ष काढून आपण शिक्षणव्यवस्थेला चार शिव्या घालतो आणि मोकळे होतो. पण त्या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे: बेकार म्हणून नोंद व्हायलाही ऐपत लागते. हातावर पोट असलेला माणूस आठवडाभर 'काम शोधतोय' असं सांगत बसू शकत नाही. तो भाजीची गाडी लावतो, कुणाच्या तरी टेम्पोवर हमाली करतो, डिलिव्हरीचं ॲप उघडतो, आणि पाहणीच्या वहीत 'रोजगारात' म्हणून जमा होतो. त्याच पाहणीचा आठवड्याचा निकष तर असा की सात दिवसांत एक तास काम केलं तरी माणूस बेकार राहत नाही.

पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिका याचं दुसरं टोक. स्पर्धा परीक्षेसाठी चार-चार, सहा-सहा वर्षं खोली, मेस आणि अभ्यासिकेची फी भरणारी मुलं काही श्रीमंतांची नसतात. पण गावाकडे कुठेतरी एकर-दोन एकर असतं, वडिलांची शिक्षकी असते, थोरल्या भावाचं किराणा दुकान असतं. हा बेकारभत्ताच आहे. तो सरकार देत नाही, बाप देतो, एवढंच. आणि ज्या वर्षी बाप थकतो, त्या वर्षी मुलाचा 'शेवटचा अटेम्प्ट' असतो.

आता आळसाच्या मुद्द्याकडे येऊ, कारण तो उडवून लावण्यासारखा नाही. भत्ता मिळणारे लोक जास्त दिवस बेकार राहतात हे खरंच आहे. जगभरच्या अभ्यासांत ते पुन्हा पुन्हा दिसलं आहे. प्रश्न आहे तो का राहतात याचा. दिल्लीत जन्मलेले आणि अमेरिकेत नावारूपाला आलेले अर्थतज्ज्ञ राज चेट्टी यांनी २००८ मध्ये हाच प्रश्न हाती घेतला. त्यांनी नोकरी गेलेल्यांची विभागणी जवळ रोकड असलेले आणि नसलेले अशी करून पाहिली. भत्त्यामुळे शोध लांबतो तो मुख्यतः हातात पैसा नसलेल्यांचा, असं त्यांना आढळलं. ज्यांच्या खात्यात आधीच पुंजी आहे त्यांच्या वागण्यात भत्त्याने फारसा फरक पडत नाही. आळस हेच कारण असतं तर तो दोन्ही गटांत सारखा दिसायला हवा होता. भत्त्यामुळे शोधाचा काळ जेवढा वाढतो, त्यातला ६० टक्के भाग हा निव्वळ हातात पैसा आल्यामुळे मिळालेल्या उसंतीचा आहे, असा त्यांचा हिशेब. उरलेला ४० टक्के म्हणजे ज्याला आपण 'बसून खाणं' म्हणतो तो. म्हणजे बसून खाणं आहेच. पण गोष्टीतला मोठा भाग तो नाही.

ऑस्ट्रियातला पुरावा मला याहून बोलका वाटतो. तिथे जुन्या नियमाप्रमाणे एका मालकाकडे तीन वर्षं पूर्ण केलेल्या कामगाराला काढताना दोन महिन्यांचा पगार एकरकमी द्यावा लागे. तीन वर्षांना चार दिवस कमी भरले तर काही नाही. ही रक्कम कशाशी बांधलेली नव्हती. उद्या नोकरी लागली तरी ती परत करायची नव्हती. म्हणजे आळशी राहण्याचं बक्षीस म्हणून तिच्याकडे बघताच येत नाही. तरीही कार्ड, चेट्टी आणि वेबर या तिघा अर्थतज्ज्ञांनी २००७ मध्ये दाखवलं की ही रक्कम मिळालेल्यांचा नोकरी पकडण्याचा वेग ८ ते १२ टक्क्यांनी मंदावला. दोन महिन्यांचा पगार म्हणजे काही घबाड नव्हे. त्याने माणूस आळशी होत नाही, त्याची घाई कमी होते.

इथे मला एक कबुली द्यायला हवी, नाहीतर माझी वकिली एकतर्फी होईल. त्याच अभ्यासात असंही निघालं की थांबलेल्यांना पुढे मिळालेली नोकरी फारशी सरस नव्हती. पुढे ऑस्ट्रियातल्याच चाळिशीपुढच्या कामगारांवरच्या एका अभ्यासात पगार थोडा वाढलेला दिसला, पण तो अर्धा टक्का. 'थांबला तो जिंकला' असं छातीठोकपणे सांगावं इतका हा पुरावा भक्कम नाही. पण ऑस्ट्रियात न थांबणाऱ्यालाही जी नोकरी मिळते ती करारपत्राची, विम्याची, ठरलेल्या तासांची असते. तिथे घाईची शिक्षा सौम्य आहे. आपल्याकडे घाई केलेला माणूस पीएफच्या नोकरीतून बिनपीएफच्या नोकरीत घसरतो, आणि तिथून परत वर चढणं फार अवघड. मोशीच्या त्या गड्याचा महिन्याला साडेतीन हजारांचा तोटा झाला. वर्षाचे ४२ हजार. शिवाय बुडालेला पीएफ वेगळा.

मग घरची संपत्ती असते कुठे? २०१९ च्या अखिल भारतीय कर्ज व गुंतवणूक पाहणीनुसार शहरी कुटुंबांपैकी वरच्या १० टक्क्यांकडे सगळ्या मालमत्तेचा ५५.७ टक्के वाटा होता आणि खालच्या निम्म्या कुटुंबांकडे मिळून ६.२ टक्के. या विषमतेवर पुष्कळ लिहून झालं आहे. त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट आपल्या प्रश्नाला जास्त लागू पडते. ग्रामीण कुटुंबांची सुमारे नऊ दशांश संपत्ती जमीन आणि घर यांत अडकलेली आहे. शहरातही प्रमाण फार वेगळं नाही. जमीन किलोने विकता येत नाही. स्वयंपाकघर मोडून तीन महिन्यांचा किराणा भरता येत नाही. कागदावर दहा-पंधरा लाखांचा मालक असलेला माणूस पाच तारखेच्या हप्त्यासाठी उसनवारी करत फिरतो, यात विनोद काही नाही.

राहिलं सोनं. मराठी घरात बेकारीचा खरा विमा म्हणजे बायकोच्या पाटल्या. मोशीच्या घरीही तेच झालं. पंधराव्या दिवशी पाटल्या सोनेतारण कंपनीच्या काउंटरवर गेल्या. तिथला सगळा कारभार अर्ध्या तासात उरकतो, कुणी 'का' विचारत नाही, दाखला मागत नाही. सरकारी योजनेने शिकावं असं तिथे खूप आहे. मात्र एक हिशेब कुणी मांडत नाही: नवऱ्याच्या बेकारीचा हप्ता बायकोचं स्त्रीधन भरतं, आणि ते सोडवायचं राहून गेलं तर घरातली तिची एकुलती एक मालमत्ता जाते. घरातल्या घरात होणारं हे हस्तांतर कुठल्याही पाहणीत येत नाही.

संपत्ती आणि धीर यांचं नातं मुंबईने एकदा मोठ्या प्रमाणावर पाहिलेलं आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा पगार थांबला. ज्यांची कोकणात, साताऱ्याकडे थोडीफार शेती होती ते गावी गेले आणि तग धरून राहिले. ज्यांना गाव उरलं नव्हतं त्यांच्या घरातली भांडी आधी गेली, मग दागिने. संप बरोबर की चूक हा वाद वेगळा. पण कोण किती महिने टिकतो हे घोषणांनी ठरत नव्हतं, सातबाऱ्याने ठरत होतं.

सरकारकडे काहीच नाही असं नाही. राज्य कामगार विमा महामंडळाची, म्हणजे ईएसआयची, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ पासून आहे. सुरुवातीला नियम असा होता की नोकरी गेल्यावर ९० दिवसांनी, सरासरी पगाराच्या २५ टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आणि तेही आयुष्यात एकदाच. कोविडमध्ये टक्का ५० झाला, ९० दिवसांची वाट ३० वर आली, मालकाच्या सहीशिवाय थेट अर्ज करायची सोय झाली; पुढे ही सवलत मुदतवाढ घेत घेत चालत राहिली. १८ हजार पगाराला हे तीन महिन्यांचे २७ हजार होतात. वाईट नाही.

पण घोडं अडतं ते त्या तिसाव्या दिवसावर. योजना तिसाव्या दिवशी जागी होते, आणि आमच्या माणसाचा धीर तेविसाव्या दिवशी संपला होता. महिनाभराची ही अट खोटे दावे गाळायला घातली असणार. प्रत्यक्षात ती कुणाला गाळते? महिनाभर काही न मिळवता जगू शकणारा माणूस तिच्यातून पार होतो. ज्याच्याकडे काहीच नाही तो आधीच पडेल ते काम धरून यादीतून बाहेर गेलेला असतो.

दुसरी अडचण ब्रेकची. योजनेला विशिष्ट काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. ठेकेदार बदलला की बऱ्याचदा नवीन विमा क्रमांक पडतो, जुन्याशी जोडलेला नसतो, आणि दोन क्रमांकांत मिळून भरलेले दिवस कुणाच्याच खात्यात पुरे होत नाहीत. मोशीच्या गड्याने मला असे दोन वेगवेगळे क्रमांक मोबाइलमध्ये दाखवले. योजनेचं नाव त्याने माझ्याकडून पहिल्यांदा ऐकलं, आणि पगारातून दरमहा पाऊण टक्का तर त्याचा कापला जात होता.

बाकीच्या तरतुदी भराभर पाहू. कामगारकपातीच्या भरपाईचा जुना नियम म्हणजे प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा पगार. वर्ष पूर्णच होऊ द्यायचं नाही ही सगळी ब्रेकची कला त्यावरचाच उतारा. २०२५ च्या नोव्हेंबरात लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेत कपात झालेल्या कामगाराला पुनर्कौशल्य निधीतून १५ दिवसांचा पगार मिळण्याची सोय आहे, पण कपात म्हणून नोंदच झाली नाही तर निधी कुठून येणार? पीएफ काढता येतो, तो स्वतःच्या म्हातारपणातून उचल म्हणून. राज्याची २०२४ ची युवा कार्यप्रशिक्षण योजना बारावीला ६, आयटीआयला ८ आणि पदवीधराला १० हजार महिना देते, पण ती उमेदवारी करणाऱ्या नवख्यांसाठी. पस्तिशीत नोकरी गमावलेला माणूस त्यात बसत नाही.

मी भत्त्याच्या बाजूचा आहे हे एव्हाना कळलं असेल. मग लगेच पुढचा प्रश्न येतो: सगळ्यांना कशाला? ज्याच्या घरी आहे त्याला वगळा, मालमत्ता तपासा. ऐकायला हे रास्त वाटतं. ब्रिटनने १९३१ मध्ये हे करून पाहिलं. मंदीत बेकारभत्त्याला घरची मिळकत तपासण्याची अट घातली आणि तपासनीस घरोघर जाऊन शिल्लक, सामानसुमान, मुलांचे पगार टिपू लागले. कमावत्या मुलामुळे बापाचा भत्ता कापला जाई, म्हणून मुलगा वेगळं बिऱ्हाड करी. त्या तपासणीचा राग तिथल्या कामगार वस्त्यांत पुढे कित्येक वर्षं धुमसत होता. आपल्याकडे ही तपासणी आली तर पहिला कागद सातबाराच मागितला जाईल, आणि जतकडच्या कोरडवाहू दीड एकरात चार भावांबरोबर नाव असलेला मशीन ऑपरेटर 'जमीनदार' ठरेल. कागदावरची संपत्ती आणि हातातली रोकड यांत फरक न करणारी चाळणी नेमक्या चुकीच्या माणसाला गाळते.

महाराष्ट्राला याहून शहाणपणाची वाट ठाऊक होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी कुणाची मालमत्ता विचारत नव्हती. जो उन्हात खडी फोडायला येईल त्याला काम. पंधरा दिवसांत काम देता आलं नाही तर भत्ता. १९७७ च्या कायद्यात तो दिवसाला किमान १ रुपया होता, आणि मिळाला फार थोड्यांना, हेही खरं. पण गरज तपासायला घरात शिरायची आवश्यकता नव्हती. या योजनेसाठी १९७५ मध्ये शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. तो अजून कापला जातो. पगाराच्या चिठ्ठीवर महिन्याचे २०० आणि फेब्रुवारीचे ३०० बघून घ्या. गावातल्या बेकारासाठी शहरातल्या नोकरदाराने भरायचं, हे तत्त्व या राज्याने पन्नास वर्षांपूर्वी मान्य केलं. शहरातल्या बेकारासाठी मात्र ते अजून कुणाला सुचलेलं नाही.

शहरात खडी फोडण्याची अट चालणार नाही, कारण दिवसभर खडी फोडणारा इंटरव्ह्यूला जाऊ शकत नाही. पण चाळणी तयार आहे: ईएसआयची २१ हजारांची पगारमर्यादा. त्याखालच्या माणसाकडे तीन महिन्यांची रोकड पडून असण्याची शक्यता कमीच. एखाद्याकडे असलीच तर असू दे बापडी. ती शोधून काढण्यावर होणारा खर्च आणि मनस्ताप त्या २७ हजारांना परवडणारा नाही.

एक आक्षेप मला जास्त छळतो. असंघटित कामांच्या या देशात माणूस भत्ता घेईल आणि वर रिक्षाही चालवेल, हे कसं पकडणार? माझं उत्तर असं की पकडूच नका. ब्राझील हा आपल्यासारखाच बिनकागदी रोजगाराचा देश, आणि तिथे बेकारीचा विमा आहे. तिथल्या अभ्यासात दिसलं की भत्ता संपल्यावरही बरेच लोक नोंदणीकृत नोकरीत परतत नाहीत, म्हणजे भत्त्याने त्यांना तिथून ओढून काढलं असं म्हणता येत नाही. त्याच देशाने एक धोक्याची सूचनाही दिली आहे. एकरकमी पैसे मिळालेल्यांचा खर्च नोकरी जाताच उलट वाढला आणि भत्त्याचे हप्ते संपताच कोसळला. तेव्हा ऑस्ट्रियाची एकरकमी पद्धत मला कितीही भावली तरी इथे पैसे महिन्याच्या महिन्याला यावेत, फक्त पहिला हप्ता सातव्या दिवशी यावा, मागाहून पडताळणी करून. चुकून कुणाला जास्त गेलाच तर पुढच्या नोकरीतल्या वर्गणीतून वळता करता येतो. क्रमांक एकच असला म्हणजे झालं. आणि 'आयुष्यात एकदाच' ही अट पहिल्यांदा काढावी. ब्रेक काही आयुष्यात एकदाच मिळत नाही.

परवा मोटारीचा कपॅसिटर बदलायला तो आला होता. ज्या कंपनीत इंटरव्ह्यू झाला होता तिथून फोन आला होता म्हणे, काम धरल्याला अकरा दिवस झाल्यावर. वर्कशॉपच्या मालकाने सुरक्षा अनामत म्हणून पहिला अर्धा पगार अडकवून ठेवलाय, तो सोडून जाता येईना. पाटल्यांची मुदत मार्चअखेर आहे. जाताना त्याने विचारलं, "काका, ते दोन नंबर जोडायचे असतील तर कुठल्या ऑफिसला जायचं? रविवारी चालू असतं का ते?"